तिसऱ्या टिचकीनंतर

वाळ्याच्या जाळ्या धुऊन बसवल्या,
टाकीत चार बादल्या ओतल्या,
पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, बटण दाबलं.
एक बारीक आवाज आला, ओला,
कात्रीत कापडाची गाठ यावी तसा.
मी लगेच बंद केलं.
पंखा मात्र त्याला थांबायचं तेव्हाच थांबला.

तो पात्याजवळ बसला असणार.
राहायचा कधीपासून, कोण जाणे.
वर्षभर आम्ही त्याच्या घरावर
जुनं लुगडं झाकून ठेवलं होतं.

मागचा डावा पाय घोट्यापासून नव्हता.
गळ्याखालची कातडी उडत होती,
रिकाम्या बॉबिनवर मशीन चालावी तशी.

आम्रपाली हळदीचा डबा घेऊन धावली.
"थांब," मी म्हटलं. का, ते मलाही माहीत नव्हतं.
ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडरला फोन लावला.
राऊत आधी हसले, मग गप्प झाले, मग म्हणाले,
"हळद नोका लावू. डेटॉल तं नाहीच.
कातडीच नाक व्हय त्याचं.
हात ओले करून धरा,
नळाचं पाणी रातभर उघडं ठेवा, बिलिचिंग उडू द्या."
आणि कापूस?
"कापूस चिकटते, बाई."

चिकटतो. जिनिंगमधून येणाऱ्या माणसाच्या
भुवया रोज पुसणारीला
हे विचारायची गरज नव्हती.

यांची रातपाळी. सकाळी आले तर
कूलर बंद, खाटेखाली फुटक्या माठाचं बूड,
बुडात अस्तराची ओली चिंधी.
"हे काय व्हय वं?"
"पेशंट हाय, बाबा," पोट्टी म्हणाली.
पुढं काही बोलले नाहीत.
चादर बादलीत बुडवली, पिळली, अंगावर घेतली
आणि हिंगणघाटची सगळी तपन छपरावर असताना
खाटेवर पडून राहिले,
खालच्यासारखेच, गळा तेवढा हलत.

चार दिवस त्यानं काही खाल्लं नाही.
मेलेली माशी ठेवली. आमूच्या हट्टानं भातही.
जे हलत नाही ते त्याच्यासाठी नसतंच.
मग मी धाग्याला एक मेलेला रातकिडा बांधला
आणि बावीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवलेली मी
एका किड्याला जिवंतपणाचं सोंग शिकवत बसले.
कितव्यातरी हेलकाव्याला धागा ओढला गेला.
मी ओरडलेच. हे झोपेतून उठून बसले.
सरपंचीणबाईंच्या बाह्या तशाच राहिल्या त्या दिवशी,
त्यांचे दोन निरोप येऊन गेले.

"पुस्तकात एक प्राणी हाय,
त्याचा पाय तुटला तं पुन्हा येते. मंग याले?"
"तो वेगळा."
"कुठं राह्यते तो?"
"थंड मुलखात."
"मंग आपण थंड करू ना."
आणि तिनं बुडाभोवती ओलं पोतं गुंडाळलं.

खोटं कशाला बोलू, मीही रोज सकाळी बघायची.
जिथं पाय संपत होता तिथं
आधी पांढरं, मग राखाडी,
मग नुसती कातडी. गुळगुळीत.
शिवण कुठं मारली ते दिसत नाही.
मला नाही जमायचं असलं काम.

विसाव्या की एकविसाव्या दिवशी त्यानं उडी मारली.
दाराकडं बघून मारली, पडला मशीनच्या पायट्यावर.
तेव्हापासून तो तिरपाच पडतो,
आणि मी पाय ठेवायच्या आधी खाली बघते.

यांनी बारीक जाळीचा पिंजरा ठोकला पात्याभोवती.
तरी बटणाआधी टाकीवर तीन टिचक्या मारायच्या,
असं ठरलं. कोणी ठरवलं, आठवत नाही.
लाइन गेली की बटण बंद करून ठेवायचं, हेही.
मग रात्री दोनला ती परत येते.
समोरच्या मडावींचा कूलर घरघरू लागतो,
आणि आम्ही तिघं घामात, डोळे मिटून,
एकमेकांच्या उठण्याची वाट बघत असतो.